तोरण: झेंडूचं की प्लास्टिकचं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साताऱ्यात मोती चौकातून झेंडू आणायचा, दाभणात सुतळी ओवायची आणि पाच-सहा फुलांमागे आंब्याचं एक पान घालायचं. अर्ध्या तासात तोरण तयार. देठाकडून ओवलेलं फूल सहसा पाकळ्या सोडत नाही. ओली फुलं मात्र घेऊ नका, दुसऱ्याच दिवशी काळी पडतात. परतीचा पाऊस झोडपून गेला असेल तर भाव विचारायची सोय नसते, तो भाग वेगळा.

प्लास्टिकचं तोरण एकदा घेतलं की तीन-चार वर्षं निघतात. धूळ बसली की साबणाच्या पाण्यात बुचकळायचं. उन्हानं केशरी रंग विटतो, एवढंच.

पण दार उघडताच येणारा झेंडूचा तो उग्र वास? दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला मी झेंडूच लावते. मधल्या दिवसांत प्लास्टिकचं चालतं.