व्हॅनच्या भिंतींना कार्पेट: एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

आमची गाडी व्हॉक्सहॉलची व्हिव्हारो आहे. आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली, पहिल्या पिढीतली. ल्यूटनच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती ती. आमच्याकडे येण्याआधी ती एका प्लंबरची होती, त्यामुळे आत सगळा उघडा पत्रा आणि त्यावर ओरखडे. मागच्या सप्टेंबरात नवऱ्याने आणि मी मिळून तिच्या भिंती, छताच्या कडा, खिडक्यांमधले खांब आणि मागची दारं राखाडी स्ट्रेच कार्पेटने मढवली. त्यानंतर इंग्लंडमधल्या लीड्सहून निघून हिवाळाभर लेक डिस्ट्रिक्ट आणि यॉर्कशायर डेल्समध्ये फिरलो, उन्हाळ्यात वेल्सच्या किनाऱ्याला गेलो. ओल, थंडी, ऊन, वाळू, फोडणी, सगळं या कार्पेटने पाहिलं आहे. पुन्हा लावायचं झालं तर मी हेच लावीन, पण संपूर्ण गाडीला लावणार नाही.

आधी हे कार्पेट म्हणजे काय ते सांगते. घरात जमिनीवर अंथरतो ते हे नव्हे. याला पाठीमागे रबराचा किंवा तागाचा थर नसतो, धागे सुयांनी एकमेकांत गुंतवून जाड नमद्यासारखं कापड केलेलं असतं. म्हणून ते उभं, आडवं, तिरकं कसंही ताणलं जातं. व्हॅनच्या आतला पत्रा कुठेही सपाट नसतो. खोबणी, उंचवटे, चाकावरची कमान, दाराच्या कोपऱ्यातला दोन दिशांना वळणारा दुहेरी बाक, असं सगळं असतं, आणि त्यावर साधं कार्पेट लावायला गेलं की चुण्या पडतात. स्ट्रेच कार्पेट तिथे एका तुकड्यात बसतं. दुकानात ते दोन मीटर रुंदीत मिळतं. आम्हाला आठ मीटर लागलं आणि गोंदाचे आठ डबे. मीटरमागे एक डबा हा इथल्या लोकांचा ठोकताळा बरोबर निघाला. सगळं मिळून सव्वाशे पौंडांच्या आत झालं.

घेताना एक गोष्ट जरूर विचारा: धागा पॉलिएस्टरचा आहे की पॉलिप्रॉपिलीनचा? दिसायला दोन्ही सारखेच. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि पॉलिएस्टर २५० च्या पुढे. खोल खोबणीत कार्पेट बसवताना हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, गरम करून दाबावं लागतं, तेव्हा हा फरक हाताला कळतो. पॉलिप्रॉपिलीनवर गन जरा रेंगाळली की तिथले धागे चकाकू लागतात, आणि ती चकाकी पुन्हा जात नाही. आम्ही पॉलिएस्टर घेतलं. सगळे तुकडे रोलवर होते त्याच दिशेने लावावेत, हेही महत्त्वाचं. तुकडा फिरवून लावला की उजेडात त्याची छटा वेगळी दिसते.

आता गोंद. माझ्या मते या सगळ्या कामात पैसे वाचवू नयेत अशी जागा हीच. चप्पल दुरुस्त करणारा कारागीर सोल चिकटवताना दोन्ही बाजूंना गोंद लावतो, तो सुकत येईपर्यंत थांबतो आणि मग एकदाच दाबतो. हा गोंद तसाच वापरायचा. पत्र्यावर फवारा, कार्पेटच्या पाठीवर फवारा, बोट लावलं तर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही इतकं थांबा, मग मधूनच सुरुवात करून कडांकडे दाबत जा. डब्यावर ‘हाय टेम्परेचर’ लिहिलेलं असलंच पाहिजे. उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो आणि हस्तकलेसाठीचा साधा स्प्रे गोंद त्या उष्णतेत पुन्हा मऊ पडतो. आमच्या ओळखीच्या एका गाडीत जूनमध्ये छताचं कार्पेट मध्यभागी झोळीसारखं खाली आलं, ते त्यामुळेच. हा देश थंड म्हणून निर्धास्त राहू नये. २०२२ च्या १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कोनिंग्सबीला सावलीतलं तापमान ४०.३ अंशांवर गेलं होतं, तेव्हा पत्र्याचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

उलट थंडीत गोंद धरतही नाही. पत्रा गार असला की त्यावर न दिसणारी ओल असते. म्हणून हे काम सप्टेंबरपर्यंत उरकावं. दारं सताड उघडी ठेवून, रासायनिक वाफा अडवणारा मास्क लावून करावं; धुळीसाठीचा कागदी मास्क इथे कामाचा नाही. आणि गोंदाचा वास गाडीत असेपर्यंत कुठलीही ज्योत पेटवायची नाही. त्या वाफा पेट घेतात.

पत्र्याच्या तयारीला आम्हाला कार्पेट लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि तो सत्कारणी लागला. गंजाचा एकेक ठिपका घासून प्रायमर मारला. मोठ्या सपाट भागांवर ब्यूटाइल रबराच्या चिकट पट्ट्या लावल्या, म्हणजे पत्रा कमी थरथरतो. त्या संपूर्ण पत्र्याला लावायची गरज नसते, मधला भाग पुरतो. पोकळीत पॉलिएस्टरचं इन्सुलेशन भरलं, त्यावर प्लायवूड, मग कार्पेट. खांबांना आणि दारांच्या कडांना मात्र कार्पेट थेट पत्र्यावर. दारांच्या तळाशी आणि खालच्या पट्टीत पाणी निचरण्यासाठी बारीक भोकं असतात. ती कार्पेटने किंवा गोंदाने बुजली तर दार आतून कुजतं. तसंच सीटबेल्टच्या बोल्टखाली कार्पेट दबता कामा नये, तिथे धातूला धातूच लागला पाहिजे. आणि पुढच्या केबिनमध्ये पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग्ज असतील तर त्या भागाला हातच लावू नका.

कडा मात्र फार सुबक होतात. दाराभोवतीचं रबर उपसून काढायचं, कार्पेट त्याखाली दुमडायचं, रबर पुन्हा ठोकून बसवायचं. शिवण नाही, पट्टी नाही. आमच्या गाडीत पाहुणे आले की त्यांचा हात आधी तिथेच जातो. बाबा पुण्याहून आले होते, ते बराच वेळ खिडकीची कड चाचपत राहिले आणि म्हणाले, “अगं, हे कंपनीतूनच असं आलंय की काय?” त्यांनी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं आहे, म्हणून मला ते प्रमाणपत्र वाटलं.

आता हिवाळा. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दल.

दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. त्यात स्वयंपाक. गॅस जळताना पाणी तयार होतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी होतं. हे सगळं पाणी गाडीतली सर्वांत थंड जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे उघडा पत्रा. कार्पेट लावण्याआधी एक रात्र आम्ही गाडीत झोपून पाहिली होती. पहाटे पत्र्याला असा घाम सुटला की थेंब उशीवर पडू लागले. कार्पेट लावल्यानंतर संपूर्ण हिवाळ्यात एकही थेंब अंगावर पडला नाही. मागच्या दाराशी पाय टेकले तरी गार पत्र्याचा चटका बसत नाही.

पण तीन-चार मिलिमीटरचं कार्पेट हे इन्सुलेशन नव्हे. वाफ त्यातून आरपार जाते आणि मागच्या पत्र्यावर पाणी होतं. फरक इतकाच की ते ओघळत नाही, धाग्यांमध्ये धरलं जातं. दुसऱ्या दिवशी त्याला वाळायची संधी मिळाली तर काही बिघडत नाही, कारण पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही, जेमतेम अर्धा टक्का. कुजतही नाही. बुरशी धरते ती धाग्याला नाही, त्यावर बसलेल्या धुळीला आणि तेलाला. म्हणून छताला हवेचं झाकण हवंच, आणि रात्री ते बोटभर उघडं हवं, कितीही थंडी असली तरी. आमच्याकडे डिझेलचा हीटर आहे. तो जळण्यासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, त्यामुळे आत येते ती कोरडी ऊब. सकाळी अर्धा तास तो लावला की खांबांचं कार्पेट हाताला कोरडं लागतं. गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवणं हा त्यावर उपाय नव्हे. त्याने ओल वाढते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावू शकतो. त्याचा अलार्म आमच्या उशाशी आहे, तुम्हीही लावा.

लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी गाव म्हणतात, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरला याहून खूप जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत. इथे तो बारा महिने झिरपत असतो. त्या खोऱ्यात मुक्काम केले, छतावर रात्रभर पाऊस. ब्यूटाइल आणि कार्पेट मिळून त्याचा ताशा थांबतो, हलका रव तेवढा उरतो. गाडीत बोलणंही वेगळं ऐकू येतं, घुमत नाही. हा बदल फोटोत दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

उन्हाळ्यात एक जागा सुटली. मागच्या दाराच्या खिडकीवर पत्र्याला खोल पन्हळ आहे, तिथलं कार्पेट जुलैच्या उन्हात वर आलं. ताणलेलं कापड खोलगट जागेतून सतत बाहेर येऊ पाहतं, आणि गोंद गरम झाला की त्याला वाव मिळतो. तेवढ्या भागाला ब्रशने लावायचा घट्ट गोंद दिला, त्यानंतर ते हललेलं नाही. बाकी छताच्या कडा, चाकांच्या कमानी, खांब जसेच्या तसे आहेत.

आता स्वयंपाकाची बाजू. इथल्या गाड्यांमध्ये शेगडीवर बहुतेक चहा आणि बेकन होतं. आमच्याकडे हिंग, मोहरी, लसूण. कार्पेट वास धरतं, आणि फोडणीच्या तेलाची वाफ त्यात बसली की ती नुसत्या हवेने जात नाही. म्हणून शेगडीमागे आणि तिच्या वर हातभर भागात आम्ही कार्पेट न लावता पुसता येणारा लॅमिनेटचा बोर्ड बसवला. आज मला वाटतं की सरकत्या दारापासून सिंकपर्यंतची अख्खी बाजू तशी हवी होती. तेलाची वाफ हातभर अंतर मोजून थांबत नाही. आगीच्या दृष्टीनेही तेच बरं. विकताना ‘ज्वालारोधक’ म्हणतात, आणि उरलेला तुकडा मी अंगणात पेटवून पाहिला तर ज्योत काढताच तो विझलाही, पण विझण्याआधी वितळून ठिबकला. तसलं काही शेगडीशेजारी नको.

हळदीचा किस्सा उपयोगी आहे म्हणून सांगते. आई पोहे करत होती, बोर्डाच्या पलीकडे फिकट राखाडी कार्पेटवर फोडणीचे थेंब उडाले. तिने चटकन साबण लावला तर डाग लाल झाला, कारण साबणाच्या क्षाराने हळद लाल होतेच. आम्ही पाण्याने साबण टिपून काढला आणि गाडी दोन दिवस ती बाजू उन्हाकडे करून उभी केली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तिसऱ्या दिवशी डाग शोधावा लागला.

रोजच्या वापरात तक्रार फारशी नाही. वाळू व्हॅक्यूमच्या ब्रशने निघते, चिखल वाळू द्यायचा आणि मग झाडायचा. कुत्र्याचे केस मात्र धाग्यात अडकतात. रबरी हातमोजा घालून चोळलं तर गोळा होतात. पलंगाची कड जिथे घासते तिथे धाग्यांचे बारीक गोळे आले होते, कपड्यांवरचे गोळे काढायच्या मशीनने ते निघाले. एक अनपेक्षित सोय म्हणजे वेलक्रोची खरबरीत बाजू या कार्पेटला थेट चिकटते. खिडक्यांचे पडदे, टॉर्चची पिशवी, लेकीची चित्रं, सगळं स्क्रूविना भिंतीवर आहे. गाडीत हे सगळे बदल केल्याचं विमा कंपनीला कळवलं आहे. ते करायलाच हवं, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण होते.

रत्नागिरीचा माझा मावसभाऊ जुन्या व्हॅनचा असाच कॅम्पर करतो आहे आणि त्याने मला हेच कार्पेट पाठवायला सांगितलं. मी नको म्हटलं. इथल्या हिवाळ्यात बाहेरची हवा कितीही दमट म्हटली तरी ५ अंशांना एका घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की ती १७ ग्रॅमपर्यंत धरू शकते, म्हणजे ती कार्पेटमधली ओल शोषते. रत्नागिरीत जुलैत २८ अंशांची हवा आधीच २२-२५ ग्रॅम पाणी घेऊन येते, आणि तिथे गाडी तापवून कोण झोपणार? कार्पेटला वाळायला चार महिने वावच मिळणार नाही. त्याला मी छत आणि खांबांना रेक्झीन, भिंतींना लॅमिनेट लावलेलं मरीन प्लाय आणि दोन पंखे सुचवले आहेत. पत्रा दोन दिशांना वळतो तिथे रेक्झीनला चुण्या पडतील, तिथे त्याला शिवण घालून घ्यावी लागेल. गादी-सोफ्याचं काम करणारा चांगला माणूस त्याच्या गल्लीतच आहे.