बँकेशी वाद: लोकपाल की ग्राहक आयोग?

खात्यातून न विचारता शुल्क कापलं, कर्ज फिटलं तरी घराची कागदपत्रं मिळत नाहीत, कर्जासोबत नको असलेली पॉलिसी गळ्यात मारली. अशा वेळी बहुतेक जण शाखेत चार खेटे घालतात आणि नाद सोडतात. कृपा करून सोडू नका.

आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच किंवा तक्रार क्रमांक जपून ठेवा. ‘बघतो, सांगतो’ या तोंडी शब्दावर पुढे काहीच उभं राहत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याचं, दार उघडतं.

लोकपालाकडे फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि वकिलामार्फत तक्रार घेतलीच जात नाही. बँकेने ठरलेला नियम मोडला असेल तिथे ही वाट मला सर्वांत सोयीची वाटते. कागदपत्रांचंच बघा: घरकर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. नियम आणि तारखा समोर ठेवल्या की वादाला फारशी जागा उरत नाही.

पण सही खोटी आहे, फसवून सही घेतली, असं साक्षीपुराव्याने सिद्ध करायचं असेल तर लोकपाल तक्रार नाकारू शकतो. तिथे ग्राहक आयोगच बरा. लोक अजून त्याला ‘ग्राहक मंच’ म्हणतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, वकील सक्तीचा नाही. मात्र तारखा पडत राहतात, तेवढी तयारी हवी.

क्रम चुकवू नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाही. उलट लोकपालाचा निवाडा मान्य नसेल तर तो न स्वीकारता आयोगात जाता येतं. म्हणून साध्या प्रकरणात मी आधी लोकपाल सुचवेन. आयोगाची मुदत वादाचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची असते. लोकपालाकडे अर्ज केला म्हणून ती थांबली असं धरून चालू नका, तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.