सगळी उत्तरे खरी, प्रोसेसर खोटा

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद होणार, हे नक्की झाले तेव्हा माझ्या कार्यालयातील संगणकाला अकरा वर्षे झाली होती. मी कराडमध्ये लहान दुकानदारांचे हिशेब लिहितो आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरतो. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) आणि चार जीबी डीडीआर३ रॅम एवढ्यावर टॅली निमूटपणे चालत असे. विंडोज ११ मात्र त्यावर अधिकृतपणे चालणार नव्हते, आणि लोकांचे हिशेब ज्या यंत्रात आहेत ते उघडे ठेवणे मला पटेना. कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मॉनिटर तेच ठेवून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायची, असे मी ठरवले.

दुकानात जाण्यापूर्वी मी अभ्यास केला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण फसतो तो अनाडीच, असा माझाही समज होता. काही मोजके अपवाद सोडले तर इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच विंडोज ११ साठी मान्य आहेत; टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात लागते, जुनी डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, कारण तिची खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही २८८ ऐवजी २४० असतात, आणि आठव्या पिढीच्या आय५ ला ११५१ चे सॉकेट (प्रोसेसर बसवायची बैठक) लागते, एवढे सगळे मी एका कागदावर लिहून नेले होते. दुकानदाराने तो कागद माझ्या हातातून घेऊन सावकाश वाचला आणि एकेका ओळीसमोर पेनाने दर लिहिले. मला काय माहीत नाही, हे त्याला त्या कागदावरूनच कळले असावे.

एच३१० चा नवा मदरबोर्ड ४,८०० रुपये, वापरलेला पण तपासलेला आठव्या पिढीचा आय५-८४०० प्रोसेसर ५,५००, आठ जीबी रॅम २,००० आणि बसवणे, विंडोज टाकणे वगैरे १,५००, असे एकूण १३,८०० रुपये ठरले. मदरबोर्डचे खोके त्याने काउंटरवर ठेवले. त्यावर एच३१० असे ठळक छापलेले होते. खोके उघडून बोर्ड पाहावा, हे मला सुचले नाही. “दोन तासांनी या, साहेब. आत मुलगा सगळं बसवून ठेवतो,” असे तो म्हणाला आणि मी चहाला गेलो.

परत आलो तेव्हा कॅबिनेटचे झाकण लावलेले होते आणि पडद्यावर विंडोज ११ सुरू होते. मी कागदातले एकेक विचारत गेलो. सॉकेट ११५१ चेच ना? हो. रॅम डीडीआर४? हो. टीपीएमसाठी तर त्याने स्वतःहून एक आज्ञा टाइप करून खिडकी उघडली आणि आवृत्ती २.० असल्याचे बोट ठेवून दाखवले. यातले एकही उत्तर खोटे नव्हते. बिलावर त्याने ‘आय५ किट, १ नग’ एवढेच लिहिले, आणि मीही इतरांच्या बिलांमध्ये दिवसभर खोट काढणारा माणूस असून ते घडी घालून खिशात ठेवले.

दिवाळीला भाचा आला. काही फाइली कॉपी होताना त्याने सहज टास्क मॅनेजर ही संगणकाचे चालू काम दाखवणारी खिडकी उघडली आणि विचारले, “मामा, ८४०० ला सहा कोअर असतात. इथे चारच का दिसतायत?” कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचे नाव स्पष्ट लिहिलेले होते: आय५-६५००. म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची. कित्येक दिवस ते नाव एका क्लिकच्या अंतरावर होते.

माझा अभ्यास जिथे तोकडा पडला ती जागा अशी. सहाव्या आणि सातव्या पिढीचे सॉकेटही ११५१ चेच आहे. आठव्या पिढीसाठी इंटेलने पिनांची संख्या तीच, ११५१, ठेवली, पण त्यांतील काहींची जोडणी बदलली आणि ३०० मालिकेतील चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप; एच३१०, एच११० ही तिचीच नावे) आवश्यक केला. त्यामुळे १०० मालिकेतील एच११० च्या बोर्डावर ८४०० बसतो, पण चालत नाही. म्हणून सॉकेटचा आकडा जुळतो का, एवढे पाहणे पुरत नाही. चिपसेट आणि पिढी विचारावी लागते आणि बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या प्रोसेसरच्या यादीत आपला क्रमांक आहे का, हे पाहावे लागते. टीपीएमचेही तसेच आहे. सहाव्या पिढीच्या अनेक बोर्डांवर बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) ते सुरू करता येते. आणि विंडोज ११ टाकताना प्रोसेसरची तपासणी रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील दोन-तीन नोंदींनी चुकवता येते, म्हणून ते सुरू झालेले दिसणे हा कसलाच पुरावा नाही. अशा यंत्राला पुढची मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन दुकानातच चालवले असते, तर प्रोसेसर अमान्य असल्याचे मिनिटभरात कळले असते.

आम्ही झाकण उघडले. बोर्डावर एच११० असे छापलेले होते आणि त्याचा अनुक्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काढल्यावर बोर्डाच्या चारही छिद्रांभोवती आधीच्या एखाद्या कूलरच्या पायांचे गोल वळ दिसले; नव्या बोर्डावर ते असण्याचे कारण नाही. भाच्याने स्पिरिटच्या कापसाने प्रोसेसरवरची करडी पेस्ट पुसली, तेव्हा धातूवर कोरलेला ६५०० हा आकडा वर आला. त्याचा मी फोटो काढला.

दुकानदार जराही गडबडला नाही. “बिलावर आय५ आहे, आत आय५च आहे. आठवी पिढी असं मी कुठं लिहून दिलंय?” वर ८४०० चा मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ आणि याचा ३.२, म्हणजे तुम्हाला उलट वेगवान दिला, हेही त्याने ऐकवले. दोन कोअर कमी आहेत, हे त्याने अर्थातच सांगितले नाही.

घरी आल्यावर मला तो कागद आठवला. ‘आय५-८४००, आठवी पिढी’ या माझ्या ओळीसमोर त्याच्या हातचे ५,५०० होते आणि एच३१० समोर ४,८००. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि कागद, बिल, खोके व बोर्ड यांचे फोटो जोडले. इथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही, हे मी दुकानदाराला लेखी कळवले.

अकराव्या दिवशी त्याने बोलावून घेतले आणि बोर्ड व प्रोसेसर परत घेऊन ९,००० रुपये दिले. बसवण्याचे पैसे आणि वरचे १,३०० गेले ते गेलेच. रॅम मी ठेवून घेतली. सांगितल्याप्रमाणे निघालेली ती एवढी एकच वस्तू होती.