मासेटाकीचं पाणी फिरवायला काय लावाल: जुनी मोटर, एअरलिफ्ट, कमी हेडचा पंप की सोलर?

पहिलेच सांगतो भाऊ, दुकानात जाऊन एचपी नका विचारू, हेड विचारा, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवते ते. आपल्याकडं टाक्यांमधे पंगस, तिलापिया करणारे बरेच जण घरी पडलेली शेतीची 1 एचपीची मोटरच लावून देतात, फुकटची आहे म्हणून. पण टाकीतून फिल्टरमधे आणि फिल्टरमधून परत टाकीत, यात उचल असते किती, दोन-तीन फूट, अन मोटरच्या पाटीवर पाहा, हेड लिहिलेलं असते 6 मीटरच्या वर. मग व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवा लागते, पाइप थरथरते, मोटर तापते, आणि बिल भरता तुम्ही त्या व्हॉल्व्हचं. ताशी 20 हजार लिटर पाणी 1 मीटर उचलायला खरं तं 55 वॅटच लागतात, पंपानं निम्मी वीज वाया घालवली तरी 110. ही मोटर ओढते हजार-अकराशे, म्हणजे चोवीस तासाचे 25-26 युनिट. फाइव्ह स्टार घेऊनही फरक नाही पडत, कारण स्टार मिळतो तिच्या स्वतःच्या हेडवर.

एअरलिफ्ट म्हणजे पीव्हीसीचा उभा पाइप, खाली ब्लोअरची हवा सोडायची, बुडबुड्यासंग पाणी वर येते. पाण्यात फिरणारा एकही पार्ट नाही, तं कचरा अडकून जाम होणं नाही, सील जाणं नाही. वरून ऑक्सिजन मिळते, कार्बन डायऑक्साइड उडून जाते. बायोफ्लॉकवाल्याकडं (टाकीतच जिवाणू वाढवून माशांची घाण पचवणारे) ब्लोअर असतेच, फक्त त्याची हवा पुरते का ते पाहून घ्या. अट एकच, पाइपचा पाऊण भाग तरी पाण्याखाली पायजे आणि उचल वीतभर ते फूटभर, त्याच्यावर गेलं की पाण्याची धार बारीक होते.

फिल्टर चार-पाच फूट उंच ओट्यावर बांधून बसले असाल तं एअरलिफ्ट विसरा, कमी हेडचा पंप घ्या, स्पीड कमीजास्त होणारा मिळाला तं उत्तम. पाइपातल्या घर्षणाचंच काम जास्त असेल तं स्पीड 80 टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते, पण नुसती उंच उचल असेल तिथं एवढी बचत नाही होत. किंमत जास्त पडते आणि तालुक्याच्या गावात रिपेअरिंगवाला पहिले शोधून ठेवा. पाइप मात्र कोणत्याही पंपाला मोठाच टाका, तेवढ्याच पाण्याला 2 इंचीच्या जागी 4 इंची टाकला तं घर्षण बत्तिसाव्या हिश्श्यावर येते.

सोलरचा मोह सगळ्यालेच आहे, सरकारच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत किमतीच्या 10 टक्केच भरा लागतात, एससी-एसटीले 5. बोअरवरून टाकी भरायला, पाणी बदलायला झकास. पण रात्री पंप बंद आणि मासा वर येऊन तोंड मारते पहाटेच, ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असते. म्हणून पाणी फिरवायचं काम त्याच्या एकट्याच्या भरवशावर नका सोडू.

लाईन जायचं गणित तं पहिले मांडा. 250 वॅटचा ब्लोअर 150 एएचच्या बॅटरीवर चारेक तास काढते, 1 एचपीच्या मोटरचा स्टार्टिंगचा झटकाच घरच्या इन्व्हर्टरला झेपत नाही, मग जनरेटर आला, डिझेल आलं, रात्री उठणारा माणूस आला. फिल्टर अजून बांधायचा असेल तं टाकीच्याच लेव्हलला बांधा अन एअरलिफ्ट लावा, सोलर बोअरवर राहू द्या. ब्लोअर तेवढा सावलीत ठेवा, मे महिन्यात पत्र्याखालची तापलेली हवा टाकीत नका सोडू.