पुण्यातली भाड्याची वेशभूषा: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

शाळेच्या कार्यक्रमांत मुलांना थोर व्यक्तींच्या वेशात उभं करण्यासाठी वेशभूषा भाड्याने देणाऱ्या पुण्यातल्या दुकानांचा हंगाम ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला सुरू होतो. पाठोपाठ १२ जानेवारीला जिजाऊ, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, ११ एप्रिलला जोतिराव आणि १४ एप्रिलला बाबासाहेब. मध्ये शाळांची स्नेहसंमेलनं, आषाढीच्या सुमारास बालदिंड्या. पेठांमधलं जुनं दुकान असो की उपनगरातलं नवं, पद्धत एकच: मुलाचं वय सांगा, अनामत ठेवा, ‘सेट’ची पिशवी उचला, दुसऱ्या दिवशी परत करा. कापड बहुधा धुतलेलं असतं, शिलाई पक्की असते, घाईच्या दिवसांतही माणसं धीराने माप घेतात. इथवर सेवा चांगली आहे.

अडचण पिशवीच्या आत आहे. सेट वयानुसार लावलेला असतो, व्यक्तीनुसार नाही. एकच पिशवी टिळकांसाठी जाते आणि जोतिरावांसाठीही. एकच जरीची नऊवारी जिजाऊंपासून आनंदीबाईंपर्यंत फिरते. समोर बसलेल्या पालकांत त्या त्या समाजातली, त्या विचारावर वाढलेली माणसं असतात आणि चूक त्यांना पहिल्या नजरेत कळते. मूल निरागस असतं, पण त्याला उभं करणारे आपण मोठे असतो. म्हणून सेट मागूच नका. सुटे नग मागा. बहुतेक दुकानदार देतात. कपाटात सगळं असतं, फक्त मागणारा लागतो.

सर्वांत जास्त चुका डोक्यावर होतात. पुणेरी पगडी ही बांधून तयार केलेली, ताठ, टोपीसारखी घालायची वस्तू. तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ती टिळकांची, गोखल्यांची. जोतिरावांच्या चित्रांत दिसतं ते पागोटं, म्हणजे कापडाचे पीळ दिसणारं, डोक्याभोवती गुंडाळलेलं. जोतिरावांच्या भूमिकेतल्या मुलाला पुणेरी पगडी घालणं ही नुसती तपशिलाची चूक राहत नाही, कारण पुण्यात या दोन शिरोभूषणांमागे दोन वेगळे सामाजिक इतिहास आहेत. हल्ली ‘फुले पगडी’ या नावाने बांधून तयार पागोटं मिळतं. नेमकं तेच नाव घेऊन मागा. दाढीही लक्षात ठेवा. टिळकांना भरघोस मिशा, जोतिरावांना मिशांबरोबर दाढी. टिळक आणि गोखले दोघांनाही पगडी-उपरणं असलं, तरी चश्मा गोखल्यांचा. टिळकांच्या डोळ्यांवर सेटमधला चश्मा चढवला की गोंधळ झालाच.

पगडी ताठ असल्यामुळे मापात तडजोड चालत नाही. भुवईच्या बोटभर वरून आणि कानांच्या वरून टेप फिरवून घेर मोजा. साधारण ६ वर्षांच्या मुलाचा घेर ५१-५२ सेंटीमीटर, १० वर्षांच्या मुलाचा ५३-५४ भरतो. दुकानातल्या पगड्या बहुतेक मोठ्यांच्या मापाच्या, त्यामुळे ती डोळ्यांवर उतरते. उपाय सोपा आहे: आतून मागच्या बाजूला अर्ध्या इंचाची स्पंजाची पट्टी लावा. पट्टी पुढे लावली तर पगडी मागे कलते आणि मूल सारखा हात वर नेत राहतं. हनुवटीखालून इलॅस्टिक लावू नका, ते लांबूनही दिसतं. फेटा बांधायचा असेल तर लहान मुलाला साडेतीन-चार मीटर मऊ सुती कापड पुरतं. सॅटिनचा फेटा चमकतो छान, पण पीळ धरत नाही आणि दहा मिनिटांत सैल पडतो.

आता नऊवारी. दुकानात सर्रास मिळते ती शिवलेली, सॅटिनची, रुंद जरीकाठाची, लावणीच्या अंगाने बेतलेली. बरोबर नथ, चंद्रकोर, गजरा, कंबरपट्टा. नाचाला ती उत्तम. सावित्रीबाईंसाठी ती अजिबात घेऊ नका. साधं सुती लुगडं, बारीक काठ, कोपरापर्यंत बाहीची चोळी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर आणि कपाळावर ठसठशीत कुंकू, एवढं पुरेसं आहे. सुती नऊवारी भाड्याने मिळत नसेल तर घरातली जुनी सुती सहावारी काढा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलीला तिचाच काष्टा व्यवस्थित होतो. पदर दोन्ही खांद्यांवर आतल्या बाजूने पिनांनी धरा, म्हणजे पिना दिसत नाहीत आणि टोचत नाहीत. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई जेमतेम १७ वर्षांच्या होत्या. त्यामुळे त्या प्रसंगासाठी केसांना पांढरी पावडर लावायची नाही. हातात पाटी सगळेच देतात. त्यापेक्षा कापडी पिशवीत घडी घातलेलं दुसरं लुगडं द्या. वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जाई म्हणून त्या ते जवळ ठेवत. ही पिशवी हातात असली की मुलीला भाषणात काय सांगायचं तेही आपोआप आठवतं.

अहिल्याबाईंच्या बाबतीत सेट हमखास चुकतो. हिरवी साडी, हिरवा चुडा, मंगळसूत्र, नथ अशी पिशवी हातात येते. त्यांचे पती खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, आणि अहिल्याबाईंचा कारभार त्यानंतरचा. त्यांच्या रूढ चित्रांत पांढरं वस्त्र, डोक्यावरून पदर आणि हातात शिवलिंग असतं. पांढरी साडी मागितली तर दुकानदार कधी कधी ‘मुलीला पांढरं कशाला’ म्हणून दुसरं काढतात. भूमिका समजावून सांगा आणि पांढरीच घ्या.

आनंदीबाई जोशींसाठी पांढरा एप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप देण्याची पद्धत पडली आहे. त्यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि तिथल्या १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या जपान व सीरियाच्या सहाध्यायिनींशेजारी साडीत आहेत. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. एप्रन घातला की ती कुठलीही डॉक्टर होते. साडी नेसली की आनंदीबाई होते.

बाबासाहेबांचा सूट बहुतेक ठिकाणी चांगला मिळतो. खांदा नीट बसतोय ना तेवढं बघा. बाही लांब असेल तर आतून कच्चा टाका घालून घ्या, दुमडू नका. गोल चश्म्याच्या काचा काढून टाका, दिव्यांत चमकतात आणि डोळे दिसत नाहीत. संविधान म्हणून निळा कागद लावलेला पुठ्ठा देतात तो परत करा. संविधानाची मराठी प्रत पुस्तकांच्या दुकानात मिळते. खरं पुस्तक हातात असलं की मूल ते जपून धरतं.

रंगभूषा सोबत घेत असाल तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका: चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही. बाबासाहेब, जोतिराव किंवा आदिवासी म्हटलं की गडद रंग आणि इतरांना गोरा, ही सवय काही ठिकाणी अजून आहे. ती अपमानकारक आहे, आणि अनावश्यकही. मिशीसाठी लहान मुलांना स्पिरिट गम, म्हणजे मिशी-दाढी चिकटवायचा डिंक, नको. त्वचा चरचरते, मूल ओठ हलवत राहतं आणि मिशी एका बाजूने सुटते. भुवईच्या पेन्सिलीने काढलेली मिशी पुरते. गम लावलाच असेल तर ओढू नका, खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा.

वारकरी सेटमध्ये धोतर, सदरा, टोपी ठीक असतात. माळ मात्र प्लास्टिकची असते. तुळशीची माळ विकत घ्या, महाग नसते. कपाळावर पांढरा पोस्टर कलर नको. गोपीचंदन थोड्या पाण्यात उगाळून उभा टिळा लावा आणि वर बुक्का. टाळ पितळेचे आणि जड असतात, सहा वर्षांच्या मुलाला लहान जोडी मागा, नाहीतर मनगट दुखून ते खाली टेकवतं. वीणा प्रत्येकाच्या गळ्यात अडकवू नका. दिंडीत विणेकरी ठरलेला असतो, आणि सप्ताहात वीणा खाली न ठेवता हातोहात दिली जाते. पालख्या दरवर्षी पुण्यात मुक्कामाला येतात. हे सगळं ओळखणारे लोक या शहरात घरोघरी आहेत.

आता जो सेट घेऊच नये तो: ‘आदिवासी’. पानांचा घागरा, डोक्याला पिसं, हातात भाला, तोंडाला काळा रंग. असा कुठलाही समाज महाराष्ट्रात नाही. पुणे जिल्ह्यातच जुन्नर, आंबेगाव, खेड भागांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. त्यांची मुलं शहरातल्या शाळांत शिकतात आणि हा प्रकार समोर बसून बघतात. दाखवायचंच असेल तर समाजाचं नाव ठरवा. वारली असेल तर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. महादेव कोळी असेल तर साधं लुगडं-चोळी किंवा धोतर-बंडी. इथे आणखी एक घोटाळा होतो: ‘कोळी’ शब्द ऐकून किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लाल टोपी आणि जाळं पिशवीत येतं. सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांचा समुद्राशी संबंध नाही. शंका असेल तर क्वीन्स गार्डन भागातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आधी बघून या. जोतिराव-सावित्रीबाईंसाठी गंज पेठेतला फुले वाडा, टिळकांसाठी केसरीवाडा, बाबासाहेबांसाठी सेनापती बापट रस्त्यावरचं सिम्बायोसिसचं संग्रहालय. फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दुकानात दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा फोटो पाहून नग पटकन निघतो.

जयंतीच्या किमान आठवडाभर आधी नग बाजूला काढून घ्या. आदल्या संध्याकाळी सेटशिवाय काही उरत नाही. घेताना आधीचे डाग, तुटलेली जर, सैल टाके दुकानदारासमोरच पावतीवर लिहून घ्या, अनामतीचे वाद तिथेच मिटतात. पगडी परत नेताना तिच्या खोक्यातच न्या. पिशवीत दाबली की पुढचा आकार मोडतो, आणि तो घरी इस्त्रीने परत येत नाही.