संगीताचं दिनविशेष कॅलेंडर घेताय? आधी १६ मे उघडा

पॉप-रॉकचे दिनविशेष सांगणारी कॅलेंडरं तीन रूपांत मिळतात: टेबलावर उभं राहणारं ३६६ दिवसांचं, रोज सकाळी सूचना पाठवणारं ॲप, आणि जाडजूड पुस्तक. बाहेरून तिन्ही वेगळी दिसली तरी आतला मजकूर बराचसा एकाच वळणाचा असतो. जुन्या याद्यांवरून नव्या याद्या बनतात आणि एकीतली चूक दुसरीत बिनबोभाट उतरते. त्यामुळे कागद गुळगुळीत आहे का, फोटो रंगीत आहेत का, हे नंतर बघा. आधी मोजकी चार-पाच पानं उघडा. १ जानेवारी मात्र नको, त्या पानावर सगळेच मेहनत घेतात.

१६ मे हे परीक्षेसाठी सर्वांत चांगलं पान. या तारखेला नोंदींची गर्दी आहे. लिबराची (१९१९), रॉबर्ट फ्रिप (१९४६) आणि जॅनेट जॅक्सन (१९६६) यांचे जन्म याच तारखेचे, आणि रॉनी जेम्स डिओचं निधनही (२०१०). १९६६ सालीच याच दिवशी ‘बीच बॉइज’चा ‘पेट साउंड्स’ आला. इथवर कुणी चुकत नाही. पुढे बहुतेक याद्या लिहितात, ‘त्याच दिवशी बॉब डिलनचा ब्लाँड ऑन ब्लाँडही प्रकाशित!’ दोन महान अल्बम, एकच दिवस. वाक्य इतकं देखणं आहे की ते तपासावंसं कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात डिलनच्या त्या अल्बमची आज ग्राह्य धरली जाणारी तारीख २० जून १९६६ आहे. या पानावर डिलन नसेल, किंवा असूनही शेजारी शंकेची खूण असेल, तर संपादकाने काम केलंय असं समजा.

याच पानावर १९८३ साल शोधा. ‘मायकल जॅक्सनने पहिल्यांदा मूनवॉक केला’ असं छापलं असेल तर एका ओळीत दोन चुका आहेत. ‘बिली जीन’ गाताना त्याने ती पावलं टाकली २५ मार्च १९८३ रोजी, पॅसाडिना सिव्हिक ऑडिटोरियममध्ये, मोटाउन कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात. १६ मे ही तो कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखवला गेला ती तारीख. आणि तशीच पावलं मागे सरकवणारा बिल बेली हा टॅप नर्तक १९५५च्या चित्रफितीत स्वच्छ दिसतो. अचूक नोंद अशी हवी: ‘मायकलचा मूनवॉक अमेरिकेने टीव्हीवर पाहिला.’ (जॅनेटचा तो सतरावा वाढदिवस. हे लिहिणारं कॅलेंडर मिळालं तर दोन गुण जास्त द्या.)

अशी कॅलेंडरं तपासायची खरी जागा हीच. तारखेपेक्षा तिच्यापुढचं क्रियापद बघायचं. मुद्रित (म्हणजे ध्वनिमुद्रित) झालं, प्रकाशित झालं, प्रक्षेपित झालं, चार्टवर (लोकप्रियतेच्या क्रमवारीत) आलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि घाईत लिहिणारा चारींसाठी ‘आलं’ हा एकच शब्द वापरून मोकळा होतो. एल्विसचं ‘दॅट्स ऑल राइट’ मेंफिसच्या सन स्टुडिओत ५ जुलै १९५४ला मुद्रित झालं. थोड्याच दिवसांत ते रेडिओवर वाजलं आणि तबकडी बाजारात आली १९ जुलैला. ५ जुलैला ‘प्रकाशित’ लिहिलं की चूक, ‘मुद्रित’ लिहिलं की बरोबर. त्याच्या ‘अलोहा फ्रॉम हवाई’चंही तसंच. होनोलुलूतला उपग्रहावरून दाखवलेला कार्यक्रम १४ जानेवारी १९७३चा, पण अमेरिकेतल्या प्रेक्षकांना तो दिसला ४ एप्रिलला. दोन्ही पानांवर नोंद असायला हरकत नाही, फक्त कुठे काय झालं ते हवं.

देश बदलला की तारीख बदलते, हे दुसरं दुखणं. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमसाठी १ जून १९६७ ही तारीख सर्वत्र दिसते. ती अधिकृत प्रकाशनाची. पण ब्रिटनमधल्या दुकानांत तबकड्या २६ मेलाच पोचल्या होत्या आणि अमेरिकेत अल्बम २ जूनला आला. तिन्ही तारखा बरोबर आहेत, म्हणूनच देशाचं नाव न लिहिलेली नोंद निरुपयोगी.

अल्बमच्या तारखेबद्दल संशय आला तर वार काढून बघा, मोबाइलच्या कॅलेंडरात मागे जाऊन अर्ध्या मिनिटात होतं. १९८९पासून २०१५पर्यंत अमेरिकेत नवे अल्बम साधारणपणे मंगळवारी येत, ब्रिटनमध्ये सोमवारी. १० जुलै २०१५पासून जगभर शुक्रवार ठरला. ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ २४ सप्टेंबर १९९१चा, मंगळवार, जुळतं. बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारी २०१६चा, शुक्रवार, जुळतं. या काळातला एखादा अमेरिकी अल्बम रविवारी आला असं कॅलेंडर म्हणत असेल तर ती तारीख बहुधा कुठूनतरी घसरून आलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकांसाठी मात्र हा उपाय वापरू नका. तेव्हा असा एकच ठरलेला वार नव्हता.

‘पहिलं नंबर वन’ ही नोंद तर नेहमी अडखळते. ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबर १९५२ला पहिला चार्ट छापला गेला तो ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’मध्ये. पुढे बरीच वर्षं वेगवेगळी साप्ताहिकं आपापला चार्ट काढत होती आणि १९६९पर्यंत सगळ्यांनी मानावा असा एकच चार्ट नव्हता. म्हणूनच बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ हे सिंगल ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ आणि ‘मेलडी मेकर’मध्ये पहिलं, तर ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये दुसरं. पुढे अधिकृत इतिहासासाठी ‘रेकॉर्ड रिटेलर’चीच मोजणी धरली गेली आणि त्या गाण्याचा पहिला क्रमांक गेला. १९६३च्या फेब्रुवारीतल्या पानांवर ‘बीटल्स प्रथमच अव्वल’ लिहिताना चार्टचं नाव दिलंय का, ते बघा. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या चार्टवर छापलेली तारीख ही अंकाची तारीख असते. यादी त्याआधीच जाहीर झालेली असते. तेव्हा ‘या दिवशी पहिल्या क्रमांकावर पोचलं’ यापेक्षा ‘या तारखेच्या चार्टवर पहिलं’ हे प्रामाणिक. ४ एप्रिल १९६४च्या चार्टवर पहिली पाचही गाणी बीटल्सची होती, ही नोंद नेमकी अशा शब्दांत लिहिता येते.

आता ४ ऑगस्ट. बिलबोर्डचा ‘हॉट १००’ याच तारखेला १९५८ साली सुरू झाला आणि त्यात पहिल्या क्रमांकाचं पहिलं गाणं होतं रिकी नेल्सनचं ‘पुअर लिटल फूल’. पण पान उघडायचं ते जॅझ कलाकार लुई आर्मस्ट्राँगसाठी. तो स्वतः आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० सांगत आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि नव्या शतकाचा आकडा, दोन्ही एकदम! १९७१मध्ये तो गेला आणि १९८०च्या दशकात बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तिच्यात जन्मतारीख होती ४ ऑगस्ट १९०१. अजूनही ४ जुलैलाच त्याला बसवणारं कॅलेंडर म्हणजे चाळीस वर्षं जुनी यादी नव्या वेष्टनात. त्याच ४ ऑगस्टला, १९२९ साली, किशोर कुमारचा जन्म. मुखपृष्ठावर ‘जागतिक संगीत’ असेल आणि इथे किशोर नसेल, तर ‘जागतिक’चा अर्थ काय तो कळला. आणखी एक चाचणी ३ फेब्रुवारीची: १९५९च्या विमान अपघातात गेलेले बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर सगळीकडे सापडतात. त्याच तारखेला १९७५ साली कैरोत गेलेली इजिप्तची गायिका उम्म कुलसुम क्वचितच.

निधनाच्या नोंदींत ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन याचं पान बघा. मृत्यू ५ एप्रिल १९९४चा, मृतदेह सापडला ८ एप्रिलला. काही याद्या दोन्ही दिवशी त्याला मारतात. वुडस्टॉक या संगीत महोत्सवाचंही तसंच: जाहिरात १५ ते १७ ऑगस्ट १९६९ची होती, पण कार्यक्रम लांबला आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तो १८ तारखेच्या सोमवारी सकाळी. १७ तारखेला ‘हेंड्रिक्सचा समारोप’ छापलेला दिसला की पोस्टर पाहून लिहिलंय हे ओळखावं.

मराठीत रूपांतर केलेली ॲप घेणार असाल तर ९ ऑक्टोबर तपासा. शॉन लेनन (१९७५) याचा वाढदिवस, जॉन लेनन (१९४०) याची जयंती. हा फरक इंग्रजी यादीत नसतो, त्यामुळे यंत्राने भाषांतर केलं की ‘जॉन लेनन यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी सूचना येते. गंमत म्हणून एकदा ठीक.

ॲपमध्ये आणखी दोन गोष्टी बिघडतात. एक, काही ॲप तारीख ग्रिनिचच्या मध्यरात्रीची वेळ म्हणून साठवतात आणि मग फोनच्या वेळेत बदलून दाखवतात. ग्रिनिचच्या पश्चिमेला गेलं की सगळ्या जयंत्या एक दिवस आधी येतात. तपासायला फोनची वेळ लॉस एंजेलिसची करा. आर्मस्ट्राँग ३ ऑगस्टला सरकला तर ॲप काढून टाका. दोन, २९ फेब्रुवारी. जिमी डॉर्सी (१९०४) आणि जा रूल (१९७६) त्या दिवशीचे. साध्या वर्षात ॲप त्यांना २८ला दाखवतं, १ मार्चला, की गायबच करतं, हे आधी बघावं. २८ला दाखवून शेजारी मूळ तारीख देणं सर्वांत बरं.

कागदी कॅलेंडरात वार छापलेला असेल तर ते एकाच वर्षाचं आहे, पुढच्या वर्षी रद्दी. कायमचं हवं असेल तर फक्त तारीख-महिना असलेलं घ्या. दोन्ही बाजूंनी छापलेलं असेल तर पत्ते १८३ लागतात: एका बाजूला १ जानेवारी ते १ जुलै, मग संच उलटवायचा आणि २ जुलैपासून पुढे. हे जाडीच्या दृष्टीने सोयीचं. एकाच बाजूला छापलेली ३६६ पानं कडीत घट्ट बसतात आणि भोकांपाशी फाटू लागतात, म्हणून कडीत बोटभर मोकळी जागा हवीच. पुस्तक विकत घेण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा मागे व्यक्तींची सूची असेल. नाहीतर फ्रेडी मर्क्युरी ५ सप्टेंबरचा हे आधीच माहीत असल्याशिवाय तो सापडणार नाही.

समासात जागा सोडलेलं कॅलेंडर घ्या आणि दुरुस्त्या पेन्सिलीने करा. नवी कागदपत्रं निघतात, आजची दुरुस्तीही उद्या खोडावी लागते. फक्त ३ जुलैच्या पानावर थोडं थांबा. ‘रोलिंग स्टोन्स’चा ब्रायन जोन्स १९६९ साली गेला, ‘डोअर्स’चा जिम मॉरिसन बरोबर दोन वर्षांनी, दोघंही २७ वर्षांचे. हे इतकं जुळवून आणल्यासारखं दिसतं की पेन्सिल आपोआप उचलली जाते. ठेवून द्या, दोन्ही तारखा बरोबर आहेत.