पाडव्याला गाडी हवी, असं शोरूममध्ये बोलू नका

"आम्हाला पाडव्यालाच गाडी हवीय," हे वाक्य शोरूमच्या दारात उच्चारू नका. ते कानावर पडलं की समोरच्याला कळतं, या गिऱ्हाइकाच्या हातात दिवस मोजकेच आहेत. पुढचं सगळं राजकारण त्यावरच चालतं.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. आम्ही साताऱ्याहून पुण्याला जाऊन एका मोठ्या, चकचकीत शोरूममध्ये एकवीस हजार भरून बुकिंग केलं. नाव लिहीत नाही. सेल्सवाला मुलगा चटपटीत होता. चहा, सरबत, टेस्ट ड्राइव्ह, कशाला म्हणून कमी पडू दिलं नाही. फक्त आकडे मी विचारायचे आणि उत्तर 'सर, सर' करत आमच्या ह्यांना मिळायचं. मी पतसंस्थेत नोकरी करते, आयुष्य कागद तपासण्यात गेलंय, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

कोटेशनचा वरचा भाग सरळ होता. एक्स शोरूम, म्हणजे कर आणि विमा धरायच्या आधीची किंमत, १०,६०,०००. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे आरटीओचा कर १२ टक्के, म्हणजे १,२७,२००. दहा लाखांच्या वरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स, १०,६००. हे टीसीएसचे पैसे आपल्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना मिळतात, हे मात्र तो बोलला नाही. त्याच्या खाली खरी गंमत होती: इन्शुरन्स ५७,८००, हँडलिंग चार्जेस ८,५००, 'बेसिक किट' २४,०००. किट म्हणजे मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि अंडरबॉडी कोटिंग. "हे घ्यावंच लागतं सर, सिस्टिममध्ये वरूनच येतं." वरून म्हणजे कुठून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हँडलिंग चार्जेस हा तर ना सरकारचा कर, ना विमा कंपनीचा हप्ता. यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणली म्हणून साडेआठ हजार!

इन्शुरन्सबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त जादा पैसे तिथेच जातात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, सक्तीचा आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२५ च्या पाडव्याला १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० आणि त्यावर जीएसटी होता, कुठल्याही कंपनीत जा. उरलेली रक्कम स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची, आणि तीच कमीजास्त होते. आमच्या जुन्या गाडीवर पाच वर्षांहून जास्त काळ एकही क्लेम नव्हता, म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो जुन्या गाडीचा असतो, नव्या गाडीला चालत नाही." साफ खोटं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की तिच्या विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या पॉलिसीत तेवढी सूट मिळते. बाहेर चौकशी केली तर तेच कव्हर, झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारं कव्हर) धरून, चौतीस हजारांच्या आत बसत होतं. हे सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला. "बाहेरून घेतलात तर कॅशलेस होणार नाही, आणि डिस्काउंटही जाईल." कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. आणि विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचाच आहे.

जुन्या गाडीचे एक लाख नव्वद हजार तोंडी ठरले होते. डाउन पेमेंटचे दोन लाख जमा झाल्यावर 'इव्हॅल्युएटरचा रिपोर्ट' आला आणि ते झाले एक पंचेचाळीस. वर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून द्या, तारीख आम्ही टाकू, असं सांगणं. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी दिली आणि ती नावावरून उतरलीच नाही, तर चलनं आपल्या मोबाइलवर येत राहतात. अपघात झाला तर कोर्टाची नोटीसही आपल्यालाच. मी सही केली नाही.

चासी नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीवर कोरलेला तिचा स्वतंत्र नंबर, मागितला तर "पूर्ण पेमेंट झाल्याशिवाय गाडी अलॉट होत नाही." पाडवा आठवड्यावर आल्यावर मी फारच मागे लागले, तेव्हा व्हॉट्सॲपवर एक अंधुक फोटो आला. चासी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो, आणि बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: २०२४ ला आर, २०२५ ला एस. आमच्या गाडीचा आर निघाला. त्याने लेखी दिलं होतं, '२०२५ चीच फ्रेश गाडी'. मागच्या वर्षीचा शिल्लक माल नव्याच्या भावात आम्हाला दिला जात होता. टीम लीडर आले, म्हणाले, "काय फरक पडतो, गाडी झीरो किलोमीटरच आहे ना." विकायला काढाल तेव्हा फरक पडतो. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं.

बुकिंग रद्द केलं. पाडवा गेला, सासूबाई थोड्या रुसल्या.

नंतर कराडच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीने सुरुवातीलाच सांगितलं, "काकू, दीड महिना लागेल, अक्षय तृतीयासुद्धा चुकेल. घाई असेल तर दुसरीकडे बघा." खरं सांगते, हे ऐकून मला बरं वाटलं. टॉप मॉडेल दाखवायला तिने उत्साह दाखवला नाही. "सनरूफ गावाकडच्या धुळीत किती वेळा उघडणार?" मॅट आणि मडफ्लॅप बाहेर निम्म्या किमतीत मिळतात, हेही तिनेच सांगितलं. हँडलिंगची ओळ तिने मॅनेजरची सही घेऊन काटली. यार्डात गाडी दाखवली, चासी नंबर कागदावर उतरवून दिला, टायरवरचे आठवडा आणि वर्षाचे चार आकडे कसे वाचायचे ते शिकवलं. पॉलिसी आम्ही बाहेरून नेली, ती तिने कुरकुर न करता फाइलला लावली. तिलाही टार्गेट असणारच. इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजवर या मुलांचा इन्सेंटिव्ह ठरतो हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं, म्हणून पुण्याच्या त्या पोरावर आता तितका राग नाही. त्याच्या मॅनेजरवर आहे.

डाउन पेमेंटचे दोन लाख परत यायला जून उजाडला. बुकिंगच्या एकवीस हजारांतले सोळाच आले. पाच हजार 'कॅन्सलेशन चार्जेस' म्हणून कापलेत, पण आमच्याकडच्या बुकिंग फॉर्मच्या प्रतीवर अशी ओळ कुठेही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली, उत्तरादाखल शोरूमचा 'आमच्या पॉलिसीनुसार' एवढाच मेल आला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अर्ज लिहून तयार आहे. सोबत त्या 'फ्रेश गाडी'च्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि चासी नंबरचा फोटो जोडलाय.